नवरदेवाच्या गाडीतली फुसफुस

हसायचं असलं तर आधीच हसून घ्या, मधी हसलात की माझं पुढचं सांगायचं राहून जातं. आणि हा किस्सा उदगीरला कुणाच्या तोंडून ऐकलात तर त्यात मी फार शूर निघते. खरं काय झालं ते मलाच माहीत आहे, म्हणून माझ्याकडूनच ऐका.

मी उमरीला शाळेत शिकवते आणि राहते नांदेडला. रोजच्या जाण्यायेण्यासाठी एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली. आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना गाडी येत नाही, शिकायचीही नाही. त्यामुळं घरात गाडीबद्दल माझा शब्द शेवटचा. त्यात मला मोबाईलवर गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा नाद. बघून बघून इतकं ज्ञान साठलं होतं, की खालच्या मजल्यावरची स्कूटर सुरू झाली नाही तरी मी गॅलरीतून सांगायची, प्लग बघा प्लग. कुणी विचारलेलं नसायचं, ही गोष्ट वेगळी.

तर माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलाचा साखरपुडा ठरला. मुलगा अनिकेत, मुलगी उदगीरच्या बिरादार अण्णांची वैष्णवी. पाहुणेमंडळी, सामानसुमान घेऊन दाजी सकाळीच ट्रॅव्हल्सनं पुढं जाणार होते. नवरदेव कुणाच्या गाडीत, यावर घरात चर्चा चालू होती. चर्चा संपायच्या आत मी जाहीर करून टाकलं, नवरदेव त्याच्या मावशीच्या गाडीतून येईल. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्याला उंटावर बसवून नेते म्हणलं. पण नाही म्हणायचं कसं? धाकटी बहीण पडले.

आता नवरदेवाची गाडी म्हणल्यावर ती चकाचक नको का? आदल्या दिवशी शाळेतून आले ती पदर खोचूनच कामाला लागले. बाहेरून धुतली, आतून झाडली. मग वाटलं, बॉनेटच्या आत कोण पुसतं, आपण पुसावं. जुनी ओढणी, दात घासायचा ब्रश आणि शाम्पू घेऊन मी इंजिनाला अशी आंघोळ घातली, की लेकराला घालणार नाही. सर वरून म्हणले, तिकडं कोण बघणार आहे? मी म्हणलं, तुम्ही तुमचा इतिहास बघा.

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढं माझ्याशेजारी सर, मागं अक्का आणि अनिकेत. अनिकेतनं पांढरा शुभ्र कुर्ता घातला होता, आणि त्याला सुरकुती पडू नये म्हणून अक्का त्याला टेकूनसुद्धा बसू देत नव्हती. त्याचा फोन तिनं घरीच काढून घेतला होता, नवरदेवानं सारखं फोनात तोंड घालू नये म्हणून. तो फोन बॅगेत, बॅग डिकीत, आणि बॅगेवर पेढ्यांचे खोके. मी सनईची गाणी लावली, ती पण मोठ्यानं.

पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरायला लागली. नुसती उभी होती, पण थंडी भरून आलेल्या माणसासारखी. स्टेअरिंग थरथर, आरसा थरथर, आरशात दिसणारी अक्का थरथर. सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडीनं आधी थोडा विचार केला. जाऊ का नको, असा. मग एकदम धक्का मारून सुटली, आणि सरांच्या हातातला चहाचा कप त्यांच्या मांडीवर.

सर म्हणले, गाडीला काहीतरी झालंय.

मी म्हणलं, काही झालेलं नाही, पेट्रोल खराब आहे.

बघा, तपासलं नाही, उतरले नाही, निदान तयार. नवीन पंपावर भरलं होतं ना, मग भेसळच असणार. ते पेट्रोल संपेपर्यंत असंच चालेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि पुढं निघाले.

कंधार मागं पडलं तरी थरथर कमी होईना. पुढं उसाचा एक ट्रॅक्टर चालला होता. त्याला मागं टाकायला म्हणून मी बाजू घेतली, पाय पूर्ण दाबला, तर गाडी ट्रॅक्टरच्या बरोबरीला आली आणि तिथंच राहिली. ना पुढं, ना मागं. ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघून राहिला, मी त्याच्याकडं. शेवटी त्यालाच दया आली. त्यानं हळू केलं आणि हातानं जा म्हणून खूण केली. अक्का मागून म्हणाली, बिचारा चांगला होता.

मग मी निदान बदललं. म्हणलं, वजन एका बाजूला झालंय. सर वजनानं जरा बरे आहेत. मी त्यांना मागं पाठवलं आणि अक्काला पुढं घेतलं. सर उतरता उतरता एवढंच म्हणले, "माझ्या वजनाचा आणि थरथरीचा काय संबंध, ते एकदा समजावून सांग." मी म्हणलं, चालत्या गाडीत समजावता येत नाही. गाडी तेव्हा उभी होती.

एसी बंद करून बघितला. खिडक्या उघडून बघितल्या. वारा आला तशी अक्का अनिकेतच्या डोक्यावर पदर धरून बसली, केस विस्कटतात म्हणून, पुढच्या सीटवरून मागं हात करून. थरथर होती तशीच.

जळकोटच्या अलीकडं रस्त्याला एक चहाचं हॉटेल लागलं. तिथं गाडी घेतली आणि मोबाईलवर साठवून ठेवलेले व्हिडिओ बघत बसले. एकात एक गृहस्थ सांगत होते, की आजकालच्या गाडीत एक कॉम्प्युटर असतो, तो कधीकधी चुकीचं काहीतरी शिकून बसतो. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली की तो सगळं विसरतो आणि गाडी नव्यासारखी. मला हे फार पटलं. वर्गात काही मुलांना असंच करता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

अनिकेत हळूच म्हणाला, मावशी, मी बघू का जरा बॉनेटमधी? अक्का आणि मी एकदमच त्याच्यावर वसकलो. कुर्त्याला काळं लागलं तर साखरपुड्याला काय दाखवायचं? बस गप खुर्चीत.

हॉटेलवाल्याकडून पाना घेतला, बॅटरीची वायर काढली. चहा झाला, भजी झाली. वायर लावली. आणि कॉम्प्युटर खरंच सगळं विसरला. म्हणजे घड्याळ विसरला, टेप विसरला. टेप म्हणायला लागला पासवर्ड द्या. जुन्या मालकाला ठाऊक असेल तर असेल, मी कुठून देणार? गाडी मात्र थरथरायचं विसरली नाही. उलट आधी थंडी वाजत होती, आता हुडहुडी भरली.

एक झालं पण. टेप मुका झाला, सनई थांबली, आणि त्या शांततेत आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. बॉनेटच्या आतून. स्स्स्स्स्.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. अक्कानं दार उघडलं आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "सुनंदा, गाडीत साप हाय."

आता मी शिकलेली बाई. विचार करायला पाहिजे होता की नाही? पण गेल्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीतून साप निघाला होता, आणि माझी गाडी रोज त्या खोलीच्या मागच्या झाडाखाली उभी. एवढं आठवलं आणि माझा विचार तिथंच थांबला. मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. चप्पल गाडीतच राहिली, किल्ली गाडीतच राहिली, इंजिन चालूच राहिलं. मी हॉटेलच्या बाकावर उभी.

बघता बघता माणसं जमली. रस्त्यानं जाणारे थांबले. प्रत्येकानं लांबून कान देऊन ऐकलं आणि प्रत्येकाला साप ऐकू आला. एकानं तर आवाजावरून जात सांगितली. हॉटेलवाला म्हणाला, घाबरायचं काम न्हाई, जळकोटचे सलीमभाई लई साप धरतेत, आत्ता बोलावतो. त्यानं फोन लावला.

इकडं सर म्हणले, आपल्याला उशीर होणार, बिरादार अण्णांना कळवून टाकतो. माझा फोन व्हिडिओ बघून बघून मेलेला, अक्काचा दाजींकडं, तेव्हा फोन म्हणून एक सरांचाच. त्याला तिथं रेंज अशी, की एका जागी उभं राहिलं की येते, श्वास घेतला की जाते. त्यात आमचे सर इतिहासाचे. कुठलीही गोष्ट मुळापासून सांगणार. त्यांनी सुरुवात केली, की अण्णा, घाबरू नका, असं झालं, आम्ही जळकोटच्या जवळ आहोत, गाडीत साप निघाला, आणि अनिकेतला...

तिथं रेंज गेली.

सरांना म्हणायचं होतं, अनिकेतला आधी बाहेर काढलंय, काळजी नसावी. ते पुढं बराच वेळ बोलत राहिले. फोन कटला हे कळल्यावर म्हणले, असो, मुख्य मुद्दा पोचला.

पोचला म्हणजे काय, चांगलाच पोचला.

थोड्या वेळात सलीमभाई मोटारसायकलवर आले. त्यांचं जळकोटात काचा आणि आरशांचं दुकान, पण साप धरायला बोलावलं की दुकान टाकून येतात. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना लांब केलं, आकड्याची काठी काढली आणि गाडी बंद केली. आवाज बंद झाला. बॉनेट उघडून त्यांनी काठीनं कोपरा न् कोपरा बघितला, खाली वाकून बघितलं, टॉर्च मारून बघितला. काही नाही. म्हणले, चालू करा बरं एकदा.

गाडी चालू केली कुणी? मला बाकावरून उतरावं लागलं. चालू केली की स्स्स्स्. बंद केली की गप्प. परत चालू, परत स्स्स्स्. सलीमभाईंनी काठी खाली ठेवली.

"मॅडम," ते म्हणले, "किल्लीवर चालणारा साप मी आजवर बघितला न्हाई."

लोक हसले. मला ते बरं वाटलं नाही. मी तावातावानं पुढं गेले आणि म्हणलं, मग हा आवाज कशाचा, तुम्हीच सांगा. ते म्हणले, मी साप धरतो, गाडीचं मला काय ठाऊक. पण आवाज इथून येतोय. आणि त्यांनी काठीचं टोक इंजिनाच्या एका कोपऱ्यावर टेकवलं. तिथं लोखंडाची एक बारीक तोटी होती, तोंड उघडं, आणि तिच्या शेजारी बोटाएवढी एक रबरी नळी सुटून लोंबत होती. हवा त्या उघड्या तोंडातून आत ओढली जात होती, आणि तीच फुसफुसत होती.

मी काय केलं असेल? मी त्या तोटीवर बोट ठेवलं.

आवाज थांबला. आणि बाई बाई, गाडी शांत झाली. थरथर गेली, आरसा स्थिर झाला, इंजिन असं गुणगुणायला लागलं, की जणू पोट भरून झोपलेलं लेकरू. बोट काढलं की थरथर, बोट ठेवलं की शांत. सगळ्या निदानांत हे एकच बरोबर आलं, आणि ते मी केलेलं नव्हतं, माझ्या बोटानं केलं होतं.

लांब उभ्या असलेल्या गर्दीला मात्र एवढंच दिसलं, की मॅडमनं बॉनेटमधी हात घातला आणि साप गप्प झाला.

मी नळी तोटीवर चढवली, तिची क्लिप मागं सरकली होती ती जागेवर आणली. अनिकेत खुर्चीवरून उठून आला होता. कुर्ता दोन्ही हातांनी मागं धरून त्यानं आत वाकून बघितलं आणि विचारलं, "मावशी, काल तू इथं काय केलतंस?"

मी म्हणलं, काही नाही. जरासं पुसलं.

अक्कानं कपाळाला हात लावला. सर पाठमोरे होऊन हॉटेलच्या पाटीवरचे भाव वाचायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. सलीमभाई मात्र भला माणूस. ते म्हणले, होतं मॅडम, काचा पुसताना माझ्याकडून बी फुटतेत.

निघालो. आता गाडी काय पळत होती म्हणता. पायाचा अंगठा नुसता टेकवला की उचल घ्यायची. माझा सगळा रुबाब परत आला. जळकोट ओलांडलं तेव्हा समोरून एक जीप दिवे लावून, हॉर्न वाजवत, वाऱ्यासारखी आली आणि गेली. मागोमाग आणखी एक. मी अदबीनं बाजूला घेऊन वाट दिली. म्हणलं, कुणाचं तरी फार अडलेलं दिसतंय. सर म्हणले, बिचारे, देव त्यांचं भलं करो. अक्कानं तर हात जोडले.

उदगीरला मंगल कार्यालयापुढं गाडी लावली. मांडव सजलेला, पण घरचा एक पुरुष दिसेना. सनई वाजवणारे वाद्य मांडीवर ठेवून गप्प बसलेले. आत बायका घोळका करून बसल्या होत्या आणि मधोमध वैष्णवीची आई डोळ्याला पदर लावून. अनिकेत पुढं झाला आणि त्यांना नमस्कार केला. त्या माऊलीनं मान वर केली, त्याच्याकडं बघितलं, आणि किंचाळायचं सोडून त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला नुसतं चाचपत राहिल्या. म्हणल्या, तुम्ही कसे चालून राहिलात?

तेव्हा उलगडलं. फोन कटल्यावर इथं कळलं ते असं, की गाडीत साप निघाला आणि अनिकेतला चावला. मग अण्णा आणि आमचे दाजी एका जीपमधी, मुलीचे चुलते दुसऱ्या जीपमधी, सगळे जळकोटकडं सुटले. फोन तर लावत होतेच, पण सरांचा फोन वर्गातल्या सवयीनं कायम मुका. मी ज्यांना अदबीनं वाट दिली ती आमचीच माणसं होती.

अनिकेतनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, वैष्णवी कुठंय?

वैष्णवी पण गेली होती. अण्णा नको म्हणत होते, आई अडवत होती. सगळा शृंगार अंगावर, तशीच जीपमधी जाऊन बसली आणि म्हणाली, मला सोडून गेलात तर मी चालत येईन.

हे ऐकून माझं हसणं, रुबाब, सगळं जिथल्या तिथं. त्या पोरीचं तोवर लग्नसुद्धा झालेलं नव्हतं हो. साखरपुडा व्हायचा होता. आणि माझ्या ओढणीपायी ती रस्त्यानं काय काय मनात आणत गेली असेल? मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. सर शेजारी येऊन बसले आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

इथून फोन गेले आणि जीपा माघारी फिरल्या. पहिली जीप थांबायच्या आत वैष्णवी उतरली. काजळ गालावर आलेलं, गजरा एका बाजूला. अनिकेत पायऱ्यांवर उभा होता. ती सरळ त्याच्यापुढं येऊन थांबली. वडील, चुलते, सासरे, सगळा गोतावळा बघतोय याचं तिला भान नव्हतं.

"पाय दाखवा," ती म्हणाली.

त्यानं निमूट मोजडी काढून एक पाय पुढं केला. तिनं वाकून बघितला. मग दुसरा. मग हात. कुठंच काही नाही म्हणल्यावर ती तिथंच पायरीवर बसली आणि रडत रडतच हसायला लागली. अनिकेत तिच्या शेजारी बसला. कुर्त्याचं काय झालं ते अक्कानंसुद्धा बघितलं नाही.

मला वाटलं होतं, आता अण्णा मला चांगलं फैलावर घेणार. ते आले, पण त्यांच्या हातात शाल होती. हॉटेलपाशी त्यांनी चौकशी केली होती आणि गर्दीनं त्यांना डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं होतं. मुलाच्या मावशीनं गाडीतल्या नागाच्या तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं म्हणे. सगळ्या मांडवासमोर माझा सत्कार झाला. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं, की अहो, ती नळी होती. अण्णा म्हणले, बघा, किती साधेपणा.

साखरपुडा झाला, पुढं लग्नही थाटात झालं. पोरं सुखात आहेत. पण त्या शालीनं मला आतून खायचं काही सोडलं नाही. म्हणून लग्नानंतर एकदा अण्णांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. पुसलेलं इंजिन, सुटलेली नळी, सगळं. ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मला हलकं वाटलं.

आणि गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. ताई, म्हणले, आमची जीप उभ्या जागी थरथर करून राहिली, ॲक्सिलरेटर दाबला तरी उचल घेत न्हाई. तुम्हाला ठाऊक असेल म्हणून फोन केला.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मला गाडीबद्दल विचारत होतं. मी खुर्ची ओढून बसले. आधी नळ्या बघा म्हणलं, मग एअर फिल्टर, मग हवा आत जाते तिथली झडप, ती काळी पडते. कोणता आवाज कधी येतो ते सांगितलं, कुठं बोट ठेवायचं आणि कुठं अजिबात ठेवायचं नाही ते सांगितलं. अण्णा सगळ्याला हाव, हाव म्हणत होते. मधी एकदासुद्धा तोडलं नाही त्यांनी मला. मी दमून थांबले.

मग ते अगदी मायेनं म्हणले, "ते सगळं खरं हाय ताई. पण त्या सलीमभाईंचा नंबर तेवढा द्या."